शंभर यार्डांच्या पलीकडे

शाळकरी मुलांच्या व्यसनाची सुरुवात भारतात बहुतेक वेळा तंबाखूने होते, आणि पालकांना वाटते त्याहून बरीच आधी होते. २०१९ साली झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातल्या ९८७ शाळांमधील ९७,३०२ विद्यार्थ्यांनी भाग घेतला. तेरा ते पंधरा वयोगटातली ८.५ टक्के मुले त्या वेळी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. सुरुवात कधी झाली असे विचारल्यावर सिगारेटचे मध्यक वय ११.५ वर्षे निघाले, विडीचे १०.५ आणि धूरविरहित तंबाखूचे ९.९. म्हणजे पहिली चिमूट तोंडात जाते ती चौथी-पाचवीच्या वयात.

महाराष्ट्रात ही चिमूट प्रदेशागणिक रूप बदलते. विदर्भात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो, पश्चिम महाराष्ट्रात टपरीवर मावा. अनेक घरांत मशेरीची डबी फळीवर उघडीच असते आणि दात घासण्याच्या निमित्ताने लहान बोटेही तीत जातात. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. पुड्यांच्या माळा दुकानापुढून गेल्या, पुडी मात्र मागितली की मिळते.

तंबाखूनंतरची पायरी कोणती, हे मूल कुठे राहते आणि त्याच्या हातात किती पैसे असतात यावर ठरते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेला अमली पदार्थांच्या सेवनाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६ जिल्ह्यांतील दोन लाखांहून अधिक घरे त्यात पाहिली गेली. हुंगायच्या पदार्थांचा गट हा त्यातला एकमेव गट असा निघाला, की ज्यात मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त होते : दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. या सवयीसाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या ४.६ लाखांच्या घरात असल्याचा अंदाज त्यात आहे. पंक्चर काढायचे सोल्यूशन किंवा व्हाइटनर विकत घेताना कोणी हटकत नाही, किंमत थोडी असते, आणि रुमालावर टाकून हुंगले की भूक व थंडी दोन्ही विसरतात. रेल्वे फलाटांवरची आणि वस्त्यांमधली मुले याच वस्तूंकडे वळतात, याचे कारण यात आहे.

दुसऱ्या टोकाला ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रॉन आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. अफू किंवा गांजासारखे शेत त्याला लागत नाही. रसायने आणि जाणकार हात मिळाले की औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्येही ते तयार होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत टाकलेल्या छाप्यात शेकडो किलो मेफेड्रॉन सापडले, तेव्हा हे उघड झाले. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी असली, तरी शहरी शाळांच्या दप्तरांत ती सापडते.

सुरुवातीच्या वयाला इतके महत्त्व देण्याचे कारण शरीरात आहे. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. सुखाची ओढ लावणारी यंत्रणा त्याच्या कितीतरी आधी जोर धरते. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात हेच यामागचे एकमेव कारण म्हणता येत नाही. ज्या घरात आणि परिसरात मूल लवकर सुरुवात करते, तिथल्या इतर अडचणीही त्यात मिसळलेल्या असतात. तरीही प्रतिबंधाचे पहिले उद्दिष्ट यातून ठरते : सुरुवात जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकलणे.

भाषणांचा मर्यादित उपयोग

प्रतिबंध म्हटला की शाळेला आधी व्याख्यान आठवते. २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनी प्रभातफेरी निघते, शपथ होते, घोषवाक्यांचे फलक रंगवले जातात, पोलीस अधिकारी किंवा व्यसनातून बाहेर पडलेली एखादी व्यक्ती मुलांपुढे बोलते. हा मार्ग सर्वांत सोपा आहे आणि जगभर सर्वाधिक तपासला गेलेलाही.

त्याची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तिथल्या शाळा प्रशासनाबरोबर ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस अधिकारी आठवड्याला एक तास याप्रमाणे वर्गावर येई, अमली पदार्थांची माहिती देई आणि नकार कसा द्यावा हे शिकवी. पालक, शाळा, पोलीस सगळे खूश होते; कार्यक्रम देशातल्या बहुसंख्य शाळा-जिल्ह्यांत आणि इतर देशांतही पोहोचला. १९९४ मध्ये अनेक मूल्यमापने एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा सेवनावरचा परिणाम नगण्य निघाला. पुढच्या अभ्यासांनीही तेच दाखवले आणि २००९ पासून संस्थेने स्वतःच आपला अभ्यासक्रम बदलला.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेसह त्यांची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. केवळ माहिती देणे, भीती घालणे, एकतर्फी व्याख्यान, माजी व्यसनींची कथने या गोष्टी परिणामकारक ठरलेल्या नाहीत, असे त्यांत नोंदवले आहे. शिक्षकांनी वर्षभर, मुलांना बोलते करत शिकवलेली जीवनकौशल्ये, पालकांसाठी कौशल्यवर्ग, वर्गातल्या वर्तनाची सुसंगत शिस्त, विक्रीवर प्रत्यक्ष अंमल आणि अनेक घटकांनी मिळून चालवलेला स्थानिक कार्यक्रम, हे त्यात उपयुक्त मानले आहेत. उपयुक्त ठरलेल्या बहुतेक गोष्टी मुलाच्या भोवतालाशी संबंधित आहेत, आणि तो भोवताल कोणा एकाच्या ताब्यात नसतो. टपरीवर अधिकार पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाचा, रस्त्यावरच्या दिव्याचा पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, संध्याकाळच्या वेळेचा पालकांचा, उपचाराचा आरोग्य खात्याचा. शाळेच्या हाती दिवसाचे पाच-सहा तास उरतात.

व्यसन आणि शालेय सुरक्षा

व्यसनप्रतिबंध आणि शालेय सुरक्षा हे विषय सरकारी फायलींमध्ये वेगळे असले, तरी जमिनीवर त्यांची जागा एकच असते. कुंपण नसलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात संध्याकाळी बाटल्या फुटतात आणि सकाळी मुलेच काचा वेचतात. शहरात शाळा आणि शिकवणीच्या मधल्या तासाभरात मुले टपरीपाशी थांबतात. तिथेच मोठ्या मुलांची दादागिरी चालते, उधारीवर पुडी मिळते आणि उधारी फेडण्यासाठी पुडी पोहोचवण्याचे काम अंगावर येते. ज्या अंधाऱ्या गल्लीतून मुलीला एकटीने जायची भीती वाटते, विक्रेताही तीच गल्ली निवडतो.

वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांनी १९९२ मध्ये धोका वाढवणाऱ्या घटकांची मांडणी केली. पदार्थ सहज मिळणे, नियम ढिले असणे, घरातले कलह, घरातल्या मोठ्यांचे व्यसन, अभ्यासात मागे पडणे, शाळेबद्दल आपलेपणा नसणे, व्यसन करणाऱ्यांची संगत. यांतले बरेच घटक हिंसक वर्तनाच्या आणि शाळा सोडण्याच्या मुळाशीही असतात. उलट एखाद्या तरी मोठ्या माणसाशी विश्वासाचे नाते, शाळेत काहीतरी करून दाखवण्याची संधी आणि सर्वत्र सारखे, स्पष्ट नियम यांनी मूल सावरले जाते. म्हणून एका गोष्टीसाठी जमलेली माणसे दुसऱ्या गोष्टीसाठीही उपयोगी पडतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर महाराष्ट्रात शालेय सुरक्षेवर तीव्र चर्चा झाली. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितले होते. त्या अनेक ठिकाणी कागदावरच असल्याचे त्या वेळी पुढे आले. मूल एखादी गोष्ट कोणाला तरी सांगते, त्यावर विश्वास ठेवला जातो आणि ती योग्य जागी ताबडतोब पोहोचते, ही साखळी छळाच्या तक्रारीसाठी जितकी लागते तितकीच शाळेबाहेर पुडी देणाऱ्याच्या माहितीसाठीही लागते.

आइसलँडचा अनुभव

स्थानिक भागीदारीचे सर्वांत गाजलेले उदाहरण आइसलँडचे आहे. १९९० च्या दशकात तिथली किशोरवयीन मुले युरोपात सर्वाधिक पिणाऱ्यांमध्ये गणली जात. १९९२ पासून चौदा ते सोळा वयाच्या मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेण्यास सुरुवात झाली. पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या मुलांमध्ये ठळक फरक दिसले. संघटित खेळ किंवा कलेत नियमित भाग, आठवड्यातल्या दिवसांत पालकांबरोबर घालवलेला वेळ, शाळेत आपली काळजी घेतली जाते ही भावना आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर न राहणे, या गोष्टी न पिणाऱ्यांकडे अधिक होत्या.

या निष्कर्षांवर धोरण उभे राहिले. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला दारू विकण्यास मनाई झाली, दोन्हींच्या जाहिराती बंद झाल्या. हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर आणि तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी दहानंतर एकटे बाहेर राहू नये असा नियम आला. प्रत्येक शाळेत पालक संघटना बंधनकारक झाली. पालकांनी आपसांत करार केले : मुलांना मोठ्यांविना मेजवानी करू द्यायची नाही, अल्पवयीनांसाठी दारू विकत घ्यायची नाही. शुक्रवार-शनिवारच्या रात्री पालकांचे गट वस्तीतून फेरी मारू लागले. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांनाही खेळ, संगीत, नृत्य शिकता यावे म्हणून सरकारी पैसा वाढला; राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे कुटुंबाला वार्षिक छंदभत्ता मिळू लागला.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी मागच्या महिन्यात नशेत बुडालेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर, गांजा कधीतरी घेतलेले १७ वरून ७ टक्क्यांवर आले. आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा संघटित खेळांत भाग घेणारी मुले १९९७ ते २०१२ या काळात २४ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली.

या आकड्यांकडे सावधपणे पाहावे लागते. तेव्हा सुमारे सव्वातीन लाख वस्तीच्या त्या संपन्न देशात हा काही नियंत्रित प्रयोग नव्हता, आणि त्याच काळात युरोपात इतरत्रही किशोरांचे पिणे घटत होते. जसेच्या तसे उचलण्यासारखे जे आहे ते कामाच्या पद्धतीत : दरवर्षी मोजणी करायची, निष्कर्ष दोन महिन्यांत त्याच शाळेच्या आणि वस्तीच्या हाती द्यायचे, आणि मग पालक, शाळा व नगरपालिका यांनी एकत्र बसून पुढच्या वर्षाचे काम ठरवायचे.

चोवीस गावांची चाचणी

भागीदारीमुळेच फरक पडतो का, याची काटेकोर तपासणी अमेरिकेत झाली. हॉकिन्स-कॅटलानो यांच्या मांडणीवर उभ्या राहिलेल्या ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या पद्धतीसाठी सात राज्यांतली चोवीस छोटी गावे निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली आणि २००३ पासून एका गटात कार्यक्रम सुरू झाला. चार हजारांहून अधिक मुलांचा पाचवीपासून मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठवीपर्यंत कार्यक्रमाच्या गावांत दारू, सिगारेट आणि धूरविरहित तंबाखू सुरू करणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी राहिले, गुन्हेगारी वर्तनही कमी आढळले.

या पद्धतीला पाच पायऱ्या आहेत. आधी गाव तयार आहे का हे पाहणे, मग सर्व घटकांचे मंडळ बनवणे, मग मुलांच्या निनावी सर्वेक्षणातून गावाचे चित्र उभे करणे, त्यातून दोन-तीनच प्राधान्ये निवडून सिद्ध झालेले उपक्रम ठरवणे, आणि शेवटी ते नेमकेपणे राबवून पुन्हा मोजणे. एका गावात वर्गातली दादागिरी पुढे येते, दुसऱ्यात घरात सहज मिळणारी दारू. दोन्हीकडे एकच पथनाट्य नेऊन उपयोग होत नाही.

अमेरिकी सरकारने १९९७ च्या कायद्याने अशा आघाड्यांना अनुदान देणे सुरू केले. अटीनुसार आघाडीत बारा घटकांचे प्रतिनिधी असावे लागतात. मुले, पालक, व्यापारी, माध्यमे, शाळा, युवक संस्था, पोलीस, धार्मिक संस्था, स्वयंसेवी मंडळे, आरोग्यसेवक, स्थानिक वा राज्य प्रशासन आणि व्यसनक्षेत्रात काम करणारी संस्था. वर्षाला सव्वा लाख डॉलरपर्यंतचे अनुदान जास्तीत जास्त दहा वर्षे मिळते आणि आघाडीलाही स्थानिक पातळीवर वाटा उभा करावा लागतो.

महाराष्ट्राची परंपरा

महाराष्ट्रात हा विचार परका नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’सह अनेक संघटनांनी आणि गावोगावच्या स्त्रियांनी दारूमुक्तीची चळवळ उभी केली, १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. कायद्याने परवान्याची दुकाने बंद झाली, मोहाची आणि सीमेपलीकडून येणारी चोरटी दारू राहिली, आणि खर्रा तर बंदीच्या कक्षेतच नव्हता. २०१६ मध्ये राज्य शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केले. व्यापक जागृती, गावागावांतली संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार अशी चार अंगे त्यात एकत्र बांधली आहेत. गावसंघटनेतल्या बाया विक्रेत्याला समज देतात, ऐकले नाही तर पोलिसांना कळवतात; पिणे सोडू पाहणाऱ्याला तालुक्याच्या ठिकाणी उपचार मिळतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. अवैध दारूचा फैलाव हे तेव्हा दिलेले एक कारण होते.

गावाच्या हाती असलेले आणखी एक साधन म्हणजे ‘आडवी बाटली’. पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते; उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवान्याचे दुकान बंद होते. दारूच्या दुकानाला शाळेच्या वाटेवरून हटवण्याचा इतका थेट अधिकार स्थानिक स्त्रियांना क्वचितच कुठे असेल.

उपचाराच्या बाजूने पुण्याचे ‘मुक्तांगण’ उभे राहिले. गर्दच्या म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्याबद्दल अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनातून आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारातून, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झाले. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलणे, पत्नींचे गट चालवणे, घरी गेल्यावर पाठपुरावा ठेवणे या रीतीने व्यसन हा सबंध कुटुंबाचा प्रश्न असल्याची जाण मराठी समाजात रुजायला मदत झाली.

शाळांमध्ये तंबाखूवर सातत्याने काम करणाऱ्यांत २००२ साली स्थापन झालेले ‘सलाम बॉम्बे फाउंडेशन’ आहे. महापालिका शाळांतील मुलांना प्रचारक बनवताना खेळ, कला आणि पुढे रोजगार देणारी कौशल्ये यांचे वर्गही ते चालवते. मुलाला नकार शिकवताना त्याच्या संध्याकाळी भरून काढणे, हे सूत्र आइसलँडच्या अनुभवाशी जुळणारे आहे.

कायद्याची साधने

भागीदारीतल्या घटकांना वापरता येतील असे कायदे पुरेसे आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत विक्री करता येत नाही. यासाठीचा दंड मात्र जास्तीत जास्त दोनशे रुपये आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम फार कडक आहे : मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. मुलाकडून अशा मालाची विक्री किंवा वाहतूक करवून घेणाऱ्यास ७८ व्या कलमाने तितकीच शिक्षा आहे.

केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शिक्षणसंस्था मार्गदर्शिकेत शाळेच्या हद्दीपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ आखायला सांगितले आहे. रेघ आखणे सोपे. ती दिसावी आणि पाळली जावी यासाठी पालिकेचा अतिक्रमण विभाग, पोलीस आणि टपरीवाला या तिघांनाही एकत्र बोलवावे लागते. ज्या टपरीवर घर चालते, तिथे बिस्किटे, वह्या, चहा यांवर धंदा वळवायला मदत केली तर टपरी एकशे एकाव्या यार्डावर सरकण्याची शक्यता कमी होते.

‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मुलांमधील व्यसनाचे राष्ट्रीय सर्वेक्षण, कृतिआराखडा आणि अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश करण्याचे आदेश दिले. १५ ऑगस्ट २०२० पासून ‘नशामुक्त भारत अभियान’ २७२ जिल्ह्यांत सुरू झाले आणि पुढे विस्तारले. २०२१ च्या संयुक्त कृतियोजनेत शाळांमध्ये मुलांचे ‘प्रहारी क्लब’ स्थापण्याची सूचना आहे. शिक्षण हक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात.

कामाची वाटणी

रचना हाताशी असल्या तरी काम कोणी कोणते करायचे हे लिहून ठरवावे लागते. महाराष्ट्रात यासाठी सोयीचे एकक म्हणजे केंद्र. केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालच्या शाळा बहुधा एकाच बाजाराच्या, एकाच पोलीस ठाण्याच्या आणि एकाच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात असतात. शहरात पोलीस ठाण्याची हद्द किंवा पालिकेचा प्रभाग हे काम करतो.

शाळेने पाचवीपासून जीवनकौशल्यांचे तास घ्यायचे, सलग गैरहजेरीची दखल तिसऱ्या दिवसाच्या आत घ्यायची, आणि मूल मोकळेपणी बोलेल असा एक शिक्षक किंवा शिक्षिका नेमायची. शिक्षकांनी शाळेच्या आवारात तंबाखू खायची नाही, हा नियम मुलांच्या आधी स्टाफरूमला लागू होतो. पालकांनी घरातला साठा बंद करायचा, मुलाला पुडी आणायला पाठवायचे नाही, खर्चाला दिलेल्या पैशांचा हिशेब सहज बोलण्यातून ठेवायचा आणि आपल्या मुलाच्या मित्रांचे आईवडील ओळखायचे.

पोलिसांचे काम वर्गात भाषण देण्याचे कमी आणि शाळा सुटण्याच्या वेळी बाहेर दिसण्याचे, विक्रेत्याच्या वरची साखळी शोधण्याचे जास्त. ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ आणि दामिनी पथकासारख्या योजना इथे उपयोगी पडतात. ग्रामपंचायत किंवा पालिकेने कुंपण, दिवे आणि मैदान पाहायचे. औषध दुकानदार गुंगीच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे चिठ्ठीशिवाय देणार नाहीत, स्टेशनरीवाले लहान मुलांना व्हाइटनरच्या बाटल्यांचा ढीग देणार नाहीत, यासाठी व्यापारी संघटना सोबत लागते.

संध्याकाळच्या वेळेचा प्रश्न खर्चाचा वाटतो, पण कबड्डी-खोखोला फार पैसा लागत नाही. शाळेचे मैदान सुटीनंतर दोन तास उघडे ठेवणे आणि कोणी जबाबदार मोठे माणूस तिथे असणे एवढे जमले तरी चालते. तालीम, व्यायामशाळा, वाचनालय, ढोल-ताशा पथक आणि गणेशोत्सव मंडळ यांच्यात मुलांना ओढून घेण्याची ताकद आहे. मात्र काही मंडळांच्या मांडवामागेच पहिला घोट घेतला जातो, तेव्हा मोठ्यांसाठीचे नियम आधी ठरवावे लागतात.

मूल सापडल्यावर

भागीदारीची खरी कसोटी दप्तरात पुडी सापडते त्या दिवशी लागते. बहुतेक शाळांची पहिली प्रतिक्रिया दाखला हातात देण्याची असते. शाळेशी असलेले नाते हा मुलाला सावरणारा एक मोठा आधार. नाव काढून टाकले की तोच तुटतो आणि मूल दिवसभर विक्रेत्याच्या हाती मोकळे सापडते. कायदाही या मुलाकडे गुन्हेगार म्हणून पाहत नाही. अमली पदार्थांकडे ओढले जाण्याची शक्यता असलेले मूल बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ ठरते आणि ते बाल कल्याण समितीच्या कक्षेत येते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमाखाली, सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी आरोप झालेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळते.

म्हणून क्रम असा असावा लागतो : वर्गासमोर झडती नाही, एका विश्वासू शिक्षकाने एकांतात बोलणे, पालकांना आरोपीसारखे न बोलावता मदतीला बोलावणे, समुपदेशकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाकडे पाठवणे आणि शाळा चालू ठेवणे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी २०२४ पासून १९३३ हे क्रमांक आहेत. माहिती देणाऱ्या मुलाचे नाव बाहेर फुटले, तर त्या शाळेतून पुन्हा कोणी काही सांगत नाही.

कुठे अडते

पहिली अडचण समित्यांच्या गर्दीची. व्यवस्थापन, पालक-शिक्षक संघ, सखी सावित्री, परिवहन, तक्रारपेटी, प्रहारी क्लब अशा एकामागून एक रचना आल्या आणि तीच चार नावे प्रत्येक वहीत उतरली. एकच मंडळ, महिन्याची ठरलेली तारीख, आणि मागच्या बैठकीत कोणी काय करायचे ठरले होते याच्या वाचनाने सुरुवात, एवढे केले तरी बराच कागद वाचतो.

दुसरी अडचण नावाची भीती. आपल्या शाळेत असे काही नाही, असे म्हणणारी संस्था सर्वेक्षण होऊ देत नाही. त्यावर उपाय म्हणजे निष्कर्ष एकट्या शाळेच्या नावाने जाहीर न करता सबंध केंद्राचे एकत्र करणे. प्रश्नावलीवर नाव नको, ती भरताना शिक्षक बाकांमधून फिरायला नको, पालकांना आधी कळवलेले हवे. तिसरी अडचण लागेबांध्यांची. विक्रेत्याच्या मागे स्थानिक वजन असते, आणि एकट्या मुख्याध्यापकाने तक्रार केली तर त्याची बदली होऊ शकते. वीस माणसांच्या मंडळाने ठराव करून पाठवलेली तक्रार दाबणे अवघड जाते. एकत्र येण्याचा हा सर्वांत व्यावहारिक फायदा आहे.

चौथी अडचण मोजमापाची. किती फेऱ्या निघाल्या, किती मुलांनी शपथ घेतली, हे अहवालात भरणे सोपे असते. मोजायला हवे ते वेगळे : मागच्या महिन्यात तंबाखू, दारू किंवा अन्य पदार्थ घेतलेल्या मुलांचे प्रमाण, पहिल्या सेवनाचे वय, शाळेच्या वाटेवर असुरक्षित वाटणारी मुले, अडचण सांगता येईल असे एक तरी मोठे माणूस शाळेत आहे असे म्हणणारी मुले, शंभर यार्डांच्या आत चालू असलेली विक्रीची ठिकाणे आणि शाळा सोडून गेलेल्यांची संख्या. दरवर्षी एकाच महिन्यात हेच सहा आकडे काढले, तर तीन-चार वर्षांत उपक्रम कोणता उपयोगी पडला आणि कोणता बंद करायचा हे ठरवता येते. आइसलँडला आपला बदल दिसायला दोन दशके लागली आणि अमेरिकेतल्या गावांना पाचवी ते आठवीचा काळ. एका २६ जूनपासून पुढच्या २६ जूनपर्यंतचे नियोजन या कामाला अपुरे असते. मुख्याध्यापक, ठाणेदार आणि सरपंच बदलले तरी मंडळ, प्रश्नावली आणि बैठकीची तारीख टिकून राहतील अशी तजवीज सुरुवातीलाच करावी लागते.